मॉरिसचा नमदा

११ फेब्रुवारी १९७४

आज मॉरिस उपसली. पुढच्या दोन सीटा, मागची सीट, पायाखालचं रबर, त्याखालचा नमदा — सगळं अंगणात मांडलं. आमची ही, जानकी, ओट्यावरून बघत होती. "गाडी हाय का कोंबड्यांचा खुराडा?" म्हणाली. तिचंही चुकलं नाही. मागच्या सीटखाली उंदराने नमदा कुरतडून छान मऊ घर केलं होतं. घरमालक बाहेर गेलेले होते, बरं झालं.

नमदा तरी काय उरलाय! मूळचा विलायती, लोकर दाबून केलेला, चांगला बोटभर जाड असणार. आता हातात घेतला की भुगा. गाडी खंडाळ्याला पारशीणबाईंकडे होती तेव्हापासून त्याला कोणी हात लावलेला दिसत नाही. शेठ वारले, बाई कायमच्या मुंबईला निघाल्या, तेव्हा मला बोलावून किल्ली हातात दिली — इतकी वर्षं हिचे पत्रे तूच ठोकलेस श्रीपत, आता तूच सांभाळ. लोधिवलीच्या आमच्या बौद्धवाडीत तोवर सायकल हेच मोठं वाहन होतं.

नमदा गेला म्हणून गाडी आतून एवढी ओरडते. खालचा पत्रा उघडा पडलाय. इंजिनाची धग पायांना आणि आवाज थेट डोक्यात. मागे बसलेल्या माणसाचा शब्द पुढे पोचत नाही. आता हे काम माझं. खोपोलीच्या कारखान्यात सगळा जन्म पत्राखात्यात गेला, पत्र्याला गप्प कसं बसवायचं ते मला कोणी शिकवायला नको. आवाज आला म्हणजे कुठेतरी पत्रा मोकळा आहे. मोकळा पत्रा शोधायचा, त्याचं तोंड बंद करायचं. संपलं.

लेकीला, मैनाला, सातव्या महिन्यात बाळंतपणाला घरी आणायची, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत. दोन महिने आहेत हातात. काम आठ-दहा दिवसांचं.

१२ फेब्रुवारी

जावयांचं खडकीहून कार्ड. मैनाची तब्येत चांगली, डॉक्टरीणबाई खूश. शेवटी एक ओळ — "मागल्या खेपेसारखं एसटीने नको, एवढीच विनंती."

विनंती कशाला करायला हवी! मी विसरलोय थोडाच.

गेल्या वर्षी पोर एकटीच एसटीने निघाली होती. पाचवा महिना होता. जागा मिळाली ती अगदी मागची. घाटात पोटात दुखायला लागलं. तिने कंडक्टरला हाक मारली, पुन्हा मारली, पुन्हा मारली. गाडीचा नुसता खडखडाट. कोणाला ऐकूच गेलं नाही. खोपोलीला गाडी थांबली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, "मी हाका मारत हुती आबा." मला तेव्हा रडू आवरलं नाही, आता लिहितानाही आवरत नाही.

तिचा आवाज पहिल्यापासून बारीक. शाळेतल्या बाई रोज म्हणायच्या, मोठ्याने वाच. ती वाचायची आपली तिच्याच आवाजात.

म्हणून मॉरिस शांत पाहिजे. मागच्या सीटवरून मैना कुजबुजली तरी मला पुढे ऐकू आलं पाहिजे, तरच ती माझ्या गाडीत बसून घाट उतरेल. जानकीलाही तसं सांगून टाकलं. ती म्हणाली, "करा काय करायचं ते, पन वेळेत करा."

१५ फेब्रुवारी

तीन दिवस खरवडतोय. जुना सरस पत्र्याला असा धरून बसलाय, जसा उठायचं नाव न घेणारा पाहुणा. पटाशीने काढला, मग पॉलिश पेपर, मग रॉकेलचं फडकं. ड्रायव्हरच्या पायाखाली गंजाने एक भोक पडलं होतं, त्याला ठिगळ मारलं. काय बसलंय! बोट फिरवलं तर जोड लागत नाही. हात अजून गेला नाही माझा. वरून लाल ऑक्साइडचा हात दिला.

संध्याकाळी चौक गावच्या नाक्यावर गजाकडे गेलो. गजा कुशनवाला — ट्रकवाल्यांच्या सीटा शिवतो, पुण्या-मुंबईच्या वाटेवर त्याला ओळखत नाही असा ड्रायव्हर नसेल. नमद्याला तो फेल्ट म्हणतो. मुंबईहून आणून देतो म्हणाला. किती जाड, विचारलं. म्हटलं, मिळेल तेवढा जाड. हसायला लागला. "मिस्त्री, पोरगी आनायची हाय का मुंबईची शेठानी?" म्हटलं, शेठाणीला कसाही चालेल, पोरीला चांगला पाहिजे. मग गपचूप माप लिहून घेतलं त्याने.

१९ फेब्रुवारी

नमदा नाही. गजा म्हणतो उद्या. गजाचा उद्या म्हणजे येता आठवडा.

२४ फेब्रुवारी

आला! करड्या रंगाचा, हाताला खरखरीत, नव्या घोंगडीचा वास. आज दिवसभर तेच.

गजा म्हणत होता, टाका आत आणि कापा कात्रीने. मी तसलं काम करत नाही. आधी वर्तमानपत्रं पसरून तळाचा प्रत्येक उंचवटा कागदावर उतरवला, तो कागद नमद्यावर ठेवून कापला. खाली डांबरी कागद, वर नमदा, मध्ये सोल्यूशन. इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्याला दुहेरी लावला, कारण धग तिथूनच येते. मग चिकटावा म्हणून दाब पाहिजे. जानकीला म्हटलं, चढ आत आणि चाल त्यावर. आधी लाजली, मग चालली अनवाणी, टाचा रोवत. पुढून मागे, मागून पुढे. शेजारची पोरं जमली बघायला. अशा मऊ जमिनीवर आजवर पाय पडला नव्हता म्हणाली.

ही हल्ली ओठातल्या ओठात बोलते. दाढ दुखते का विचारलं तर चिडली.

रातकिडे यंदा लवकर लागलेत. अंगणात नुसती किरकिर. जानकी म्हणते, "कुठं हायत?" तिचं लक्ष नसतं.

२ मार्च

पहिली फेरी, एकट्याने. लोधिवली ते खोपोली आणि परत.

धग गेली! पाय गार. खडखड गेली. पूर्वी खालापूरच्या फाट्याजवळ खड्ड्यात चाक गेलं की डबा आपटल्यासारखं व्हायचं, आज नुसतं मऊ दबलं. स्वतःचीच पाठ थोपटली असती, पण हात स्टेअरिंगवर.

मात्र एक आवाज राहिलाय. मोठा नाही. बारीक, लांबलचक, एकसुरी. डाव्या बाजूने जास्त येतो. मोठे आवाज गेल्यामुळे आता तो उघडा पडला, हे अगदी बरोबर आहे. पत्राखात्यातही घण थांबले की मग पंख्याची कुरकुर कळायची. नेमका याच पट्टीत मैनाचा आवाज आहे. हा राहिला तर तिचा शब्द खाऊन टाकेल.

खोपोलीत गाडी उभी करून बोनेट उघडून ऐकलं, पण तिथे वरून विजेच्या तारा गेल्यात, त्या इतक्या गुणगुणतात की काही कळेना. घरी येऊन बघू म्हटलं.

येताना एक ट्रकवाला अंगावरून गेल्यासारखा गेला. खिडकीतून हात नाचवत शिव्या देत होता. हॉर्न वाजवायचा नाही आणि वर तोंड करायचं!

५ मार्च

गजाला मागे बसवून नेलं चौकपासून खालापूरपर्यंत. त्याला म्हटलं, मला नावाजू नको, खरं सांग. आवाज हाय का नाय?

गजा म्हणाला, "हाय."

पण म्हणताना मान नाही म्हणून हलवत होता! आरशात स्पष्ट दिसलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तोंडाने "हाय", मानेने नाही. म्हणजे खरं तर आवाज आहे हे त्याला कळतंय, पण सामान त्याने आणलेलं, म्हणून मान कबूल होत नाही. धंदेवाईक माणूस. उतरताना एवढंच म्हटलं, तोंड बोललं ते मी धरतो गजा. तो बघतच राहिला.

डाव्या दारात असणार. दार पोकळ, आत काही नाही, ढोलासारखं.

९ मार्च

दोन्ही बाजूंची दारं खोलली. आतली पुठ्ठ्याची पॅडं सोडवली. आत इतकी वर्षं साठलेली माती, एक जपानी बटण, सुकलेलं पिंपळाचं पान. काचेची पट्टी खालीवर होते तिथे जागा सोडून बाकी सगळीकडे नमद्याचे तुकडे बसवले, पॅडाच्या मागे काथ्या पसरला. आता दार लावलं की भप्प आवाज येतो, मोठ्या गाड्यांसारखा. दार दहा वेळा उघडून लावलं. जानकी आतून ओरडली, "कोन आलंय वो?" म्हटलं, कोणी नाही, मीच येतोय आणि मीच जातोय.

१४ मार्च

दारं झाली. फेरी मारली. आवाज आहेच.

आता माणूसच लागणार होता, कान असलेला. भिवाजीला बोलावलं साजगावहून. भिवाजी आणि मी पत्राखात्यात समोरासमोर होतो — त्याने पत्रा धरायचा, मी रिव्हेट ठोकायची, नाहीतर उलट. त्याच्याशी बोलायला बरं वाटतं. तो अजून स्पष्ट बोलतो, बाकीच्यांसारखं पुटपुटत नाही. जानकी म्हणते तुम्ही दोघं बोलता तेव्हा हायवेवरची माणसं वळून बघतात. बघू देत.

भिवाजी मागे बसला, डोळे मिटले, कान दिला. खालापूर गेल्यावर म्हणाला, "हाय रं श्रीपत. बारीक हाय. किरकिर हाय." मी म्हटलं, डाव्या बाजूने? म्हणाला, "मला तर दोन्हीकडनं येतो."

बघा! कारखान्यातला कान तो. गजाला काय कळणार. आणि जानकी म्हणत होती तुम्हालाच वाटतं. दोघांना एकदम वाटेल का?

भिवाजीचं मत, छत. छताच्या कापडावर काही नाही, नुसता मोठा पत्रा ताणून बसवलेला, तोच वाऱ्याने गातो. मला पटलं. जेवून गेला. सुक्या बोंबलाची चटणी फार आवडली त्याला.

२० मार्च

छताचं कापड काढलं. गजा नको म्हणत होता. "मिस्त्री, ते एकदा काढलं का परत तसं बसायचं नाय." त्याला म्हटलं, बसवणारा मी आहे. काढताना कडेला थोडं फाटलं, ते दिसणार नाही. वर नमदा चिकटवला, डोक्यावर हात ताणून. मान मोडली. चिकटवावा आणि तासाने एक कोपरा सुटून खाली लोंबावा. शेवटी बांबूच्या कामट्या वाकवून आतून टेकू दिला. आता छत हत्तीच्या पाठीसारखं. गजाने येऊन कापड शिवलं. तोंड वाकडं करून का होईना, टाका सरळ घातला.

जावयांचं दुसरं कार्ड. सातवा लागला. कधी येता?

जानकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, अगदी तोंडासमोर. "गाडी गप झालीया. चला. पोर वाट बघती." म्हटलं, गाडी गप झालेली नाही. म्हणाली, "मला तर नाय येत आवाज." म्हटलं, तुला येत नाही, पण मैना बोलली तर मला ऐकू यायला हवं ना? गाडी मी चालवणार, का तू?

ती पाय आपटत आत गेली.

२८ मार्च

आज निकाल लावला.

जानकीला मागे बसवलं, मैना बसेल तिथे. तिला सांगितलं, मैनाच्या आवाजात बोल. मोठ्याने नाही, पुढे वाकून नाही. दुखल्यावर पोर बोलेल तसं. काहीही बोल, बाजाराचं बोल, शेजारणीची चुगली कर, पण बोलत राहा. मी ऐकतो.

निघालो. चौक गेलं. ती गप्प. खालापूर गेलं. गप्प. म्हटलं, अगं बोल ना. आरशातून बघितलं तर खिडकीबाहेर बघत होती. खोपोलीला गाडी वळवली, पुन्हा लोधिवलीपर्यंत आलो. एक अक्षर नाही. अंगणात गाडी लावून मागे वळलो आणि चांगलाच तापलो. एक साधं काम सांगितलं, तेही होत नाही?

ती म्हणाली, "मी सारा येळ बोलत हुती."

मी म्हटलं, सगळा वेळ?

"जाताना बी. येताना बी. तुमाला तीनदा हाक मारली. शेवटी तर रडले बी."

बघितलंस! म्हटलं. म्हणजे आवाज आहे की नाही? एवढा आहे की तुझा शब्द माझ्यापर्यंत येत नाही. मी दीड महिना हेच सांगतोय! मला अगदी हायसं वाटलं. इतके दिवस सगळे मलाच खुळ्यात काढत होते.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदराने डोळे पुसत उतरली.

२९ मार्च

जानकीने गोडं तेल कोमट करून कानात घातलं. मळ झालाय म्हणते. घालू दिलं. तिची समजूत. वर म्हणते, खोपोलीच्या डॉक्टरला कान दाखवू. वाजतेय गाडी आणि दाखवू कान! तिला म्हटलं, तुझी चूल धुरकटली तर मी तुझे डोळे तपासायला नेतो का?

हसली नाही. एरवी हसली असती.

२ एप्रिल

रात्री नीट विचार केला. चूक सापडली.

डांबरी कागद! उन्हाने डांबर मऊ होतं, नमदा त्याच्यावर तरंगतो, पत्र्याला घट्ट धरत नाही. मार्च जसा तापला तसा आवाज वाढत गेला, हे आता लक्षात येतंय. फेब्रुवारीत एवढा नव्हता. म्हणजे तळ पुन्हा काढायचा, कागद खरवडायचा, नमदा थेट पत्र्यावर आणि तोही दुहेरी.

चार दिवस लागतील. जयंतीला बारा आहेत. आरामात.

४ एप्रिल

पुन्हा सगळं अंगणात. डांबर निघता निघत नाही, नखांत बसलंय, ताटात वास येतो. गजाने जादा नमदा दिला, पण देताना माझा हात धरून ठेवला. कानाशी तोंड आणून म्हणाला, "मिस्त्री, त्या दिशी मी नाय म्हनलो हुतो. नाय. नकाराचा नाय."

म्हटलं, मग इतके दिवस का नाही बोललास? म्हणाला, तेव्हाच बोललो होतो.

आता मागे फिरतोय. भिवाजीने हाय म्हटलंय हे त्याला कोणीतरी सांगितलेलं दिसतं, म्हणजे दोष आता त्याच्या मालावर.

८ एप्रिल

जावयांचं कार्ड. अकरा तारखेला मैनाला घेऊन ते आगगाडीने कर्जतला येतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवा लागायच्या आत न्या, आणि आगगाडीला हादरे कमी. "सासूबाईंच्या पत्राप्रमाणे निघत आहोत."

सासूबाईंच्या पत्राप्रमाणे! जानकीला सही येते तेवढीच. विचारलं तर लपवलंही नाही. शाळेच्या बाईंकडून लिहून घेतलं म्हणाली. माझ्या पाठीमागे! मी ताट सारून उठलो. ती समोर येऊन बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुमी तिला आनलं असतं. मला ठावं हाय. पन पोरीनं हाक मारली असती तर?"

त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं! हे हिला दोन महिन्यांत कळलं नाही, म्हणजे कमाल झाली. वाईट वाटलं मला. फार वाईट वाटलं.

ठीक आहे. घाट नाही तर नाही. निदान कर्जत स्टेशनवरून घरी माझ्या गाडीतून येईल. तीन दिवस आहेत.

१० एप्रिल

सोल्यूशन वाळत नाही. हवा दमट आहे. सीटा बसवता येत नाहीत.

११ एप्रिल

मॉरिसला आज सीटाच नव्हत्या. जानकी एसटीने कर्जतला गेली. मी घरी थांबलो आणि नमद्यावर फरशा मांडून दाब देत बसलो. स्टेशनवर एसटीने जायला मला तोंड नव्हतं.

संध्याकाळी चौकहून टांग्याने आली तिघं. मैना अंगाने भरलीय. तोंडावर तेज आहे. पोटावर हात ठेवून उतरली, सावकाश. "जयभीम आबा" म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तर तो हात ऑक्साइडने लाल आणि डांबराने काळा. तिने तोच धरून ठेवला.

मग ओट्यावर माझ्याशेजारी बसून खूप बोलली. प्रवासाचं असेल, घरचं असेल. मी मान डोलवत होतो. प्रवासाने थकलीय बिचारी, आवाज आणखीच बारीक झालाय. मध्येच ती थांबली आणि आईकडे बघितलं. जानकीने काहीतरी खूण केली. मायलेकींचं काय चालतं देव जाणे, आणि देव आपण मानत नाही.

१३ एप्रिल

सीटा बसल्या. रबर बसलं. आतून गाडी नव्या नवरीसारखी दिसते. जावई सकाळी परत गेले. जाताना आत डोकावले, दार लावून बघितलं, मान डोलवली. त्यांना कामाची पारख आहे.

मी किल्ली घेतली. खोपोलीपर्यंत जाऊन यायचं, बस. बाळंतपणाला पोरीला खोपोलीच्या दवाखान्यात न्यायची ती याच गाडीतून, हे तर ठरलेलं आहे. कोणत्या वेळी कळा सुरू होतील, वाटेत काय म्हणेल, सगळं ऐकू यायला हवं. तर जानकीने किल्ली हातातून काढूनच घेतली. ओच्याला बांधून कमरेला खोचली. "तुमी गाडी हाकायची नाय. गजाचा भाऊ हाकंल. तुमी पोरीपाशी मागं बसा."

माझी गाडी गजाचा भाऊ हाकणार! तो टेंपो हाकतो, नारळाचा!

उद्या जयंती. सणासुदीला घरात वाद नको म्हणून गप्प बसलो. परवा तिची समजूत घालतो. एक फेरी झाली की तिलाच पटेल. या खेपेला नमदा पत्र्याला असा धरलाय की आवाजाला जागाच नाही.

१४ एप्रिल

मिरवणूक झोकात झाली. मैनाने ओट्यावरून बघितली, पांढरी साडी नेसून. दिवसभर माणसं. बेंजो मात्र यंदा दबका वाटला.

१५ एप्रिल

दुपारी सगळे झोपले तेव्हा मॉरिसमध्ये जाऊन बसलो. आवाज आहेच. तेवढाच, तसाच, डावीकडून जास्त. इतकं करून! मान टेकून ऐकत राहिलो, कुठून येतो ते शोधत.

मागचं दार हललं. मैना आत येऊन बसली. दार ओढून घेतलं. नमद्यावरून पाय फिरवला, छताला हात लावला, हसली. मग काहीतरी बोलली. आरशात तिचे ओठ हलताना दिसले.

म्हटलं, थांब पोरी, इंजिन बंद करतो, मग बोल.

किल्लीकडे हात नेला. किल्ली नव्हती. ती परवापासून जानकीच्या कमरेला आहे.

गाडी बंदच होती. मैना बोलत होती.